बँटिंगसाहेबांचे ४६ पौंड

मागच्या वर्षी मी 'एका महिन्यात आठ किलो'वालं डाएट केलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री सूप. सहा किलो उतरले. पुढच्या तीन महिन्यांत सात परत आले. एक किलो व्याज! मग चिडून, हे डाएटचं खूळ काढलं तरी कोणी, ते शोधायला बसलो. तिथे भेटले विल्यम बँटिंग.

लंडनचा हा गृहस्थ अंत्ययात्रांची व्यवस्था बघायचा. राजघराण्याचं कामही यांच्याच घराण्याकडे होतं. १८६२ साली वय ६५, उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर उलटं उतरावं लागे.

बरं, गडी आळशी अजिबात नव्हता. सकाळी नाव वल्हवायचा. त्याने अंगात ताकद आली, पण भूकही तेवढीच खवळली! वर्षभर तुर्की स्नानं घेतली, फार तर ६ पौंड कमी झाले. (आपल्या जिमची वार्षिक मेंबरशिप आठवली ना?)

शेवटी ऐकू कमी येतं म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेला. हे विल्यम हार्वी. त्यांनी दुखणं कानात नाही, वजनात आहे असं ठरवलं आणि ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद केले. उपास मात्र नाही. मांस, मासे, भाज्या आणि वाईनसुद्धा चालू!

१८६३ साली बँटिंगने पदरमोड करून एक पुस्तिका छापली आणि फुकट वाटली. ती इतकी गाजली की त्याच्या नावाचं क्रियापदच झालं. स्वीडिशमध्ये आजही डाएट करण्याला 'बांता' म्हणतात.

पण मला आवडला तो त्यातला तारीखवार वजनांचा तक्ता. अगदी आपल्या लॉग फाईलसारखा. दोन-तीन आठवड्यांतून कुठे दोन पौंड, कुठे तीन. चमत्कार कुठेच नाही. साधारण वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे आठवड्याला जेमतेम ४०० ग्रॅम. एवढ्यावर आज कुठली जाहिरात चालेल?

त्याचा मेनू उचला असं मी म्हणत नाही, रोजची वाईन तर नकोच. घ्यायचा तो त्याचा वेग. पोट भरून खाणं आणि घाई न करणं. पुढे १८७८ पर्यंत, म्हणजे ८१ वर्षं जगला पठ्ठ्या.

असो. तर सध्या मी चहातली साखर आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात एवढंच सोडलंय. तीन महिन्यांत अडीच किलो. आई म्हणते, "काही फरक दिसत नाही रे तुझ्यात."

नाहीच दिसणार. पण या वेळी व्याज लागलेलं नाही!