डोंगराची वहिवाट

कार्तिक महिना लागला की आमच्या देवस्थानांच्या गावांतून एक जुने आमंत्रण फिरू लागते. त्याला छापील पत्रिका लागत नाही. अमुक तिथीस वनभोजन, एवढे म्हटले की पुरे. पालखी देवळाबाहेर पडते, डोंगराच्या उतरणीवरील आवळीखाली देव विसावतो, झाडाची पूजा होते, आणि मग तान्ह्या मुलापासून पणजीपर्यंत सारे कुटुंब पानावर जेवावयास बसते. जेवण आटोपल्यावर मुले ओढ्यात उतरतात, वडीलधारी माणसे सावलीत कलंडतात आणि दिवे लागणीच्या आत पालखी परत फिरते. ह्या सबंध दिवसाचा खर्च मांडू गेल्यास आकडा फार लहान निघतो. शिधा घरोघरचा, पाने रानातली, सरपण वाळलेल्या फांद्यांचे आणि पाणी झरीचे. डोंगराचे भाडे मात्र कोणीच आकारीत नाही.

हे भाडे का आकारले जात नाही, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस खुणावीत होता. आमचा व्यवसाय वकिलीचा. दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन कोणी दिवसभर बसू लागला तर त्याला आम्ही प्रथम विचारतो, ‘तुमचा हक्क कोणता?’ आवळीखालच्या त्या पंक्तीस हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही. उत्तर मात्र आमच्या भाषेत तयार आहे. मराठीत त्याला वहिवाट म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वाट वाहती राहिली तरच ती वहिवाट. तिच्यावर गवत उगवले की हक्कही गवताखाली जातो. प्रस्तुत लेखात आम्हांस हीच गोष्ट सांगावयाची आहे.

वनभोजनास कार्तिकच का निवडला, ह्याचे उत्तर धर्मशास्त्राइतकेच कोकणच्या हवामानातही आहे. पाऊस सरलेला असतो, पण ओढ्यांना पाणी वाहते असते. भाताची कापणी आटोपत आलेली असते. उन्हाला ताप नसतो आणि आवळे धरू लागलेले असतात. कष्टकरी कुटुंबास वर्षातून जी थोडी उसंत मिळे, ती नेमकी ह्याच दिवसांत. ज्या काळी घरंदाज स्त्रीस माहेर आणि देऊळ ह्यांवाचून तिसरी वाट नव्हती, त्या काळी डोंगरावरचा हा एक दिवस तिला देवाच्या नावाने मिळत असे. आमच्या पूर्वजांनी सहलीला व्रताचे रूप दिले ते काही भोळेपणाने नव्हे. करमणूक म्हणून मागितलेली रजा नाकारता येते. व्रत म्हणून मागितलेली नाकारणे कठीण.

गोमंतकात डोंगर आणि देव ह्यांचे नाते तर विशेषच जिव्हाळ्याचे. पारोड्याच्या डोंगरमाथ्यावर श्रीचंद्रेश्वर भूतनाथ आहे. भोज राजांची प्राचीन राजधानी चंद्रपूर, आजचे चांदर, ह्या देवाचेच नाव मिरविते. अनमोड घाटाच्या पायथ्याशी तांबडी सुर्ला येथे कदंबकालीन महादेवाचे काळ्या पाषाणातले देऊळ आठएकशे वर्षे रानात उभे आहे. खालच्या प्रदेशातील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. हे मात्र दुर्गम अरण्याच्या आडोशामुळे वाचले, असे अभ्यासक सांगतात. कुशस्थळीहून श्रीमंगेश आणि केळशीहून श्रीशांतादुर्गा ह्या दैवतांना त्याच शतकात भक्तांनी खाडी ओलांडून नेले ते अंत्रुज महालाच्या डोंगरकुशीत. ज्या डोंगरांनी आमच्या देवांना आश्रय दिला, त्यांनी त्या वेळी पावती मागितली नव्हती. पुढे छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत त्यांचे मंत्री नारोराम ह्यांच्या पुढाकाराने कवळ्याचे आजचे मंदिर उभे राहिले. तळी, अग्रशाळा, दगडी पायऱ्या, दीपमाळा अशी सोय देवस्थानांच्या भोवती हळूहळू जमत गेली. प्रवासी कुटुंबाला निवारा, पाणी आणि चालण्यास वाट एवढे मिळाले की डोंगर गरिबाच्याही आवाक्यात येतो. ही सोय महाजनांच्या वर्गणीतून आणि भक्तांच्या दानातून झाली. तिचा उपभोग मात्र वाटसरूसही मिळे.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या पंक्तीत सर्वांना एकत्र बसविले जात नव्हते. कोणाचे पान आवळीखाली, कोणाचे दूर उतरणीवर, आणि कोणाला पंक्ती उठेपर्यंत ताटकळत राहावे लागे. ज्यांनी रान राखले आणि वाट साफ केली, त्यांतील पुष्कळांना देवळाच्या पायऱ्या वर्ज्य होत्या. अस्पृश्यता नष्ट करणारे भारतीय संविधानाचे सतरावे कलम १९५० पासून अमलात आहे आणि १९६१ च्या मुक्तीनंतर ते गोमंतकासही लागू झाले. वहिवाट जुनी आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही. जी राखावयाची ती डोंगराची वाट, पंक्तिभेदाची नव्हे.

आता घाटावर जाऊ. श्रीक्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम मानला जातो. तेथेच १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी शिवछत्रपतींनी मातुःश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली. यात्रेकरूंची वाट तेव्हाही चालू होती. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह ह्यांच्याशी करार करून, खंडाळा गावाच्या बदल्यात, तेथला डोंगरमाथा इंग्रजांकडे घेतला आणि माल्कमपेठ वसविली. एकाच डोंगरावर दोन महाबळेश्वरे झाली. क्षेत्रात कुंडे, धर्मशाळा आणि पायवाट; पेठेत बंगले, क्लब आणि साहेबांच्या नावांचे ‘पॉइंट’. क्षेत्रात जावयास श्रद्धा व पायांत बळ लागे, पेठेत जावयास पगार लागे. थंड हवा देणारा डोंगर तोच होता. पण थंड हवा ही विकत घेण्याची वस्तू आहे, ही कल्पना पेठेबरोबर आली. आज आम्ही ‘हिल स्टेशन’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पेठ येते, क्षेत्र येत नाही.

इंग्रजी राजवटीचा दुसरा आघात अधिक खोल होता, कारण तो कायद्याचा होता. १८७८ च्या वन कायद्याने सरकारला एखादे जंगल राखीव करण्याचा अधिकार दिला. जाहीरनामा निघावा, किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी, ज्याचा काही हक्क असेल त्याने तो अधिकाऱ्यापुढे मांडावा, आणि जो हक्क मांडला जाणार नाही तो सामान्यतः नष्ट समजावा, अशी त्याची रचना होती. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पुढे चालविली. गुरे चारण्याचा किंवा सरपणाचा हक्क मांडावयास शेतकरी कदाचित गेलाही असेल. पण वर्षातून एकदा आवळीखाली जेवण्याचा, ओढ्यात मुलांना डुंबू देण्याचा, शिखरावरच्या देवाला नारळ देऊन वाऱ्यात घटकाभर बसण्याचा हक्क लेखी अर्ज करून कोण मांडणार? हक्क आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते, इतका तो अंगवळणी पडला होता.

गंमत अशी की, त्याच काळच्या दुसऱ्या एका कायद्याने ह्या हक्काची बूज राखलेली आहे. १८८२ चा सुखाधिकाराचा, म्हणजे ईझमेंटचा कायदा मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या दुसऱ्याच कलमात, जनतेला एखाद्या जमिनीवर जे रूढीजन्य हक्क असतील त्यांना ह्या कायद्याने बाध येत नाही, असे म्हटले आहे. मात्र त्यातून अनुज्ञा, म्हणजे ‘लायसन्स’, वगळली आहे. हा भेद वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. अनुज्ञा देणाऱ्याच्या मर्जीची असते, आणि सामान्यतः देणाऱ्याने म्हटले की ती परत जाते. हक्काचे तसे नाही. रूढी प्राचीन, निश्चित, वाजवी आणि अखंड असली तर न्यायालय तिला मान देते. पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिताही वस्तूंचे सार्वजनिक, सामाईक आणि खासगी असे तीन वर्ग करते. सारे जग मालक आणि गिऱ्हाईक ह्या दोघांतच वाटून टाकावे, असे कायद्यानेही कधी मानलेले नाही.

ज्यांची वाट एकदा तुटली, त्यांना ती परत मिळविण्यास काय द्यावे लागते, हे इंग्लंडच्या इतिहासात दिसते. तेथे शिकारीसाठी राखलेल्या डोंगराळ माळांवर सामान्य जनांस मज्जाव असे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडील शेकडो कामकरी तरुण ही मनाई मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि मोकळ्या माळावर पायी फिरण्याचा व्यापक हक्क तर २००० च्या कायद्याने दिला. रविवारी डोंगरावर पायी जावयास मिळावे एवढ्या साध्या गोष्टीसाठी अडुसष्ट वर्षे!

आमच्या देशातही २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे परंपरागत हक्क मान्य केले. तो वनवासी समाजाचा न्याय आहे. सहलीला येणाऱ्या शहरवासीयाने त्यावर स्वतःचा दावा सांगू नये. तसेच प्रत्येक शुल्क हे लूट असते असेही आम्ही म्हणत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क आहे आणि रोजच्या संख्येस मर्यादा आहे. हजारो पावलांखाली फुले तुडविली जात असतील तर ती मर्यादा योग्यच होय. गोमंतकातील म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली. तेथील नियमही पाळलेच पाहिजेत. सत्तरीतील मालोलीच्या निरंकाराच्या राईत रानजायफळीची दुर्मिळ दलदल टिकली आहे. ती देवाच्या भयाने आणि गावाच्या शिस्तीने टिकली. त्या राईत मोकळीक होती, पण बेबंदशाही नव्हती. फुकट ह्याचा अर्थ बेवारशी असा आमच्या पूर्वजांनी कधीच केला नाही.

ही परंपरा केवळ कोकणची आहे असेही नव्हे. इंदूरकर वाचकांस महूजवळचे जानापाव ठाऊक असेल. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून तेथे त्या डोंगराची पूजा होते आणि कार्तिकी पौर्णिमेस मोठी जत्रा भरते. कोकणची भूमी ज्याने समुद्राकडून मागून घेतली असे आम्ही मानतो, त्याच देवाच्या डोंगरावर माळव्यातील कुटुंबे शिदोरी सोडतात. बडोदेकरांना पावागड आहे. माणसे दूर गेली, तरी जवळचा डोंगर शोधून त्यावर शिदोरी नेण्याची सवय सुटली नाही.

सुटण्याचा धोका आता आहे. वनभोजन पुष्कळ ठिकाणी देवळाच्या सभागृहातच उरकले जाते. आवळीची फांदी कुंडीत रोवतात, जेवण कंत्राटदाराचे आणि पाने प्लास्टिकची. डोंगर समोरच असतो, पण कोणी चढत नाही. दहा वर्षे असे चालले की वाट बुजते. मग कोणी कुंपण घातले तर ‘येथे आमची वाट होती’ असे सांगणारा साक्षीदारही उरत नाही. आमच्या व्यवसायाच्या अनुभवावरून आम्ही सांगतो की, कागदाअभावी हरलेले दावे थोडे; साक्षीदाराअभावी हरलेले फार.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच. येत्या कार्तिकात आपल्या देवस्थानचे वनभोजन पुन्हा आवळीखाली न्यावे. ते शक्य नसेल तर एका रविवारी घरच्यांनीच जवळच्या डोंगरदेवतेस जाऊन यावे. शिदोरी घरची घ्यावी, पाने अशी घ्यावी की जी मातीत मिसळतील, आणि उरलेले सारे परत आणावे. पंक्तीत गावातील कोणासही वगळू नये. लहान मुलांना वाटेतली झर, राईची सीमा, जुनी पायरी बोट दाखवून ओळख करून द्यावी. कारण उद्याचे साक्षीदार तेच आहेत. डोंगराची ही मिळकत कोणी आमच्या नावे लिहून दिलेली नाही, आणि लिहून घेण्याची गरजही नाही. वर्षातून एकदा सहकुटुंब तेथे पाऊल पडले, म्हणजे वहिवाट राहिली.