कंपवात, आनुवंशिक : मूषक-प्रतिरूपांच्या मेंदूतील प्रथिनबदल

कंपवाताचे बहुसंख्य रोगी ठळक कौटुंबिक पूर्वेतिहासाविना आढळतात. परंतु ज्या थोड्या घराण्यांत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला, त्यांच्या जनुकांनीच त्याच्या कारणमीमांसेला पहिला भक्कम दाखला पुरविला. इटलीतील कोन्तुर्सी गावचे मूळ असलेले एक घराणे व काही ग्रीक कुटुंबे यांच्या आल्फा-सिन्यूक्लीन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनात ५३ व्या स्थानी ॲलॅनिनाऐवजी थ्रिओनीन आलेले असते, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले; आणि लेवी याने १९१२ मध्ये रोग्यांच्या चेतापेशींत वर्णिलेल्या पिंडकांतील मुख्य ऐवज हेच प्रथिन होय, हेही त्याच वर्षी उघडकीस आले. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी तरुणपणी होणाऱ्या कंपवातातील पार्किन जनुक हुडकले. पिंक१, डीजे-१ व एलआरआरके२ ही जनुके त्यानंतरची.

सदोष मानवी जनुक उंदरात घालणे किंवा उंदराचे मूळ जनुक निकामी करणे, असे प्रतिरूपे सिद्ध करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्या मार्गाने २००२ मध्ये सिद्ध झालेल्या वंशांत वयपरत्वे मस्तिष्कस्तंभात व मेरुरज्जूत आल्फा-सिन्यूक्लीनाचे पुंजके साचतात आणि प्राणी अखेर पंगू होऊन मरतात. मात्र मनुष्यात ज्याचा प्रथम ऱ्हास व्हावा ते मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्य त्यांत बहुतांशी शाबूत राहते. गंमत अशी, की उंदराच्या स्वतःच्या आल्फा-सिन्यूक्लीनात ५३ व्या जागी थ्रिओनीनच असते आणि तरीही त्याला कंपवात होत नाही. तेव्हा सगळा दोष त्या एका अमिनो आम्लाच्या माथी मारणे सयुक्तिक नव्हे.

अशा उंदरांच्या मेंदूतील प्रथिनांत होणाऱ्या बदलांचा हिशेब घेण्याची रीत चिकाटीची आहे. मध्यमस्तिष्काचा अधोभाग कापून विरघळवितात. त्यातील प्रथिने जेलमध्ये प्रथम विद्युत्‌भारानुसार व मग आकारमानानुसार पसरवितात. रंग चढविल्यावर उमटलेले शेकडो ठिपके निरोगी उंदराच्या जेलशी एकेक करून ताडतात. आणि जो ठिपका फिका वा गडद दिसेल तो कापून, ट्रिप्सिनाने त्याचे तुकडे पाडून, वस्तुमान-वर्णपटमापकाने त्याची ओळख पटवितात.

पार्किन हे अन्य प्रथिनांवर युबिक्विटिनाची खूण चढवून त्यांची विल्हेवाट लावणारे विकर असल्यामुळे, ते काढून घेतल्यास मेंदूत निरुपयोगी प्रथिनांची अडगळ साचेल अशी अटकळ होती. प्रत्यक्षात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीत तंतुकणिकांच्या श्वसनसाखळीतील पहिल्या व चौथ्या संकुलांचे काही घटक, तसेच ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारी काही प्रथिने, उलट घटलेली आढळली. तंतुकणिकांची श्वसनक्षमता कमी भरली, उंदरांचे वजन संथपणे वाढले, आणि तरीही इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली त्याच तंतुकणिकांच्या रूपात लक्षणीय वैगुण्य दिसले नाही. ३० व्या स्थानी दोष असलेले मानवी आल्फा-सिन्यूक्लीन धारण करणाऱ्या उंदरांत २००५ मध्ये आल्फा-एनोलेज, लॅक्टेट डीहायड्रोजिनेज व कार्बॉनिक ॲनहायड्रेज ही विकरे विशेषेकरून ऑक्सिडीकृत झालेली सापडली. जनुके भिन्न असूनही दोन्हीकडे तक्रार पेशीच्या ऊर्जाखात्याचीच निघावी, हा या साऱ्या संशोधनातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष म्हटला पाहिजे.

पार्किन, पिंक१ व डीजे-१ ही तिन्ही जनुके एकदम काढलेल्या उंदरांतही कृष्णद्रव्याच्या चेतापेशी मरत नाहीत, म्हणून ही प्रतिरूपे अपुरी ठरविली जातात. हा आक्षेप खरा असला तरी एकांगी आहे: रोग्याच्या शवविच्छेदनात हाती येतो तो बहुतेक पेशी नष्ट झाल्यानंतरचा अवशेष, तर उंदरात पेशी जिवंत असतानाचे बदल पाहावयास मिळतात. एलआरआरके२ च्या बाबतीत तर अशा उंदरांचा व्यावहारिक उपयोगही झाला. या जनुकापासून बनणारे विकर राब८ व राब१० यांसारख्या प्रथिनांवर फॉस्फेट चढविते, हे २०१६ मध्ये मुख्यतः जनुकबदल केलेल्या उंदरांच्या पेशींवरून निश्चित झाले. आणि या विकराला आळा घालणाऱ्या औषधांच्या मनुष्यांवरील चाचण्यांत औषधाने विकर खरोखर रोखले जाते की नाही, हे रक्तपेशींतील राब१० वरील फॉस्फेट मोजून पाहतात.