पोलाद घडते कमी, थांबते जास्त

ऑकलंडच्या पश्चिमेचे हेन्डरसन एके काळी द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध होते. आज त्या परिसरात इमारतींचे पोलादी सांगाडे घडवणारे कारखाने आहेत. डी अँड एच स्टील कन्स्ट्रक्शन हे त्यांतील परिचित नाव. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चच्या पुनर्बांधणीत पोलादी सांगाड्यांना मोठी पसंती मिळाली. मात्र या व्यवसायात एक खांब उशिरा पोहोचला, तरी बांधकामावर भाड्याची क्रेन आणि माणसे खोळंबून राहतात.

कापणी, भोके पाडणे, जोडपट्ट्या बसवणे, वेल्डिंग, ग्रिट ब्लास्टिंग आणि रंग हा कामाचा क्रम ठरलेला असतो. नग मात्र क्वचितच सारखे असतात. एका तुळईला दोन भोके, तर दुसरीला वीस जोडपट्ट्या. सरासरीवर आखलेले वेळापत्रक येथेच कोलमडते.

संगणकीय सदृशीकरण, अर्थात सिम्युलेशन, प्रत्येक नगाला स्वतंत्र धरते. यंत्रे, वेल्डर आणि छताखालची क्रेन यांची प्रतिकृती मांडून, प्रत्येक कामाला लागणारा वेळ ठरावीक मर्यादेत बदलता ठेवून, तेच वेळापत्रक शेकडो वेळा चालवले जाते. बांधकामक्षेत्रात या पद्धतीचा पाया डॅनियल हॅल्पिन यांच्या १९७० च्या दशकातील ‘सायक्लोन’ने घातला. पुढे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात ‘सिम्फनी’ प्रणाली विकसित झाली आणि तेथील संशोधकांनी पोलाद कारखान्यांच्याही प्रतिकृती तयार केल्या.

या प्रतिकृतींतून प्रामुख्याने दिसते ती रांग. रांगांच्या सर्वांत साध्या गणितानुसार, एखादे यंत्र ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर नगाला त्यावरील कामाच्या सरासरी चौपट वेळ वाट पाहावी लागते. ९० टक्क्यांवर नऊपट, ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. यंत्र क्षणभरही रिकामे राहू नये हा व्यवस्थापकांचा लाडका हट्ट म्हणूनच महाग पडतो. खरी अडचण फिटिंगच्या टप्प्यावर किंवा दोन विभागांत मिळून वापरल्या जाणाऱ्या एकाच क्रेनपाशी असेल, तर वेगवान ड्रिलिंग यंत्र घेऊन पुढचा ढीग तेवढा वाढतो. यंत्र विकत घेण्यापूर्वीच हे पडद्यावर पाहता येते.

तरीही प्रतिकृतीचा भरवसा तिला पुरवलेल्या वेळांइतकाच. नगाचे वजन आणि भोकांची संख्या टेक्लासारख्या आरेखन प्रणालीतून मिळू शकते; पण अवघड सांध्याला वेल्डरला किती वेळ लागतो, हे कारखान्यात उभे राहूनच नोंदवावे लागते. आणि वास्तुरचनाकाराने आयत्या वेळी आराखडा बदलला, तर ती धावही पुन्हा करावी लागते.