ओबर्लिनचे महाविद्यालय

अमेरिकेतील ओहायो प्रांतात दाट अरण्य तोडून १८३३ साली ओबर्लिन गाव व महाविद्यालय एकदमच वसले. १८३५ साली विश्वस्तांची मते समसमान पडली, तेव्हा अध्यक्षांच्या निर्णायक मताने कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळाला. उत्तरेस ईरी सरोवर, पलीकडे कॅनडा. म्हणून पळालेले गुलाम याच वाटेने जात. १८५८ साली पकडलेल्या जॉन प्राइसला गावकरी व विद्यार्थ्यांनी सोडविले आणि त्यापायी कित्येकांनी तुरुंगवास सोसला.

१८४१ साली येथेच तिघी स्त्रिया पदवीधर झाल्या. तरीही १८४७ साली लूसी स्टोन हिचा पदवीदानाचा निबंध पुरुषानेच वाचावयाचा, असा दंडक होता. तिने तो लिहिलाच नाही! दार उघडले तरी बोलण्याचा हक्क निराळा मिळवावा लागतो, हे आपण ध्यानी ठेवू या.