मेळघाटातील कोरकू गाव : दुर्गमतेची ऐतिहासिक घडण

प्रस्तावना :
सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात मेळघाट हा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. आज धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांत तो विभागलेला आहे. वऱ्हाडच्या काळ्या कापूसपट्ट्यातून उत्तरेकडे गेल्यास हा प्रदेश एकदम उंचावतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या येथील पाणी तापीला नेऊन मिळवितात. सागवानाचे पानझडी अरण्य आणि त्यात विखुरलेली कोरकूंची गावे हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय.

१९९३ मध्ये येथील बालमृत्यू राज्यभर चर्चेचा विषय झाले आणि तेव्हापासून 'मेळघाट म्हणजे कुपोषण' असे समीकरण रूढ झाले. त्याची कारणे सांगताना दुर्गमता, अज्ञान आणि अंधश्रद्धा या तीन शब्दांचा आधार घेतला जातो. यांपैकी 'दुर्गमता' ही तर निसर्गदत्तच मानली जाते. तिचा इतिहास तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मेळघाटातील गावाचे एकाकीपण डोंगरापेक्षा वनप्रशासनाने अधिक घडविले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

उद्दिष्टे :
१) कोरकू गावाची पारंपरिक रचना व उपजीविका यांचे स्वरूप पाहणे.
२) वसाहतकालीन वनधोरणाचा या गावावर झालेला परिणाम तपासणे.
३) स्वातंत्र्योत्तर काळातील संवर्धन, पुनर्वसन व वनहक्क यांचा त्या पार्श्वभूमीवर विचार करणे.

कोरकू गाव : रचना व उपजीविका
कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून त्या गटाच्या भौगोलिक विस्तारातील ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. कोरकू गाव पाहताच त्याची शिस्त लक्षात येते. रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ ओळी असतात. कुडाच्या भिंती मातीने सारवलेल्या असतात. गावाचा कारभार पटेल पाहतो, देवकार्य भूमकाकडे असते, तर आजारपणात पडियारला बोलावले जाते. मृताच्या स्मरणार्थ 'सिडोली' हा विधी करून सूर्य-चंद्र कोरलेला लाकडी 'मुंडा' उभारण्याची प्रथा आहे. मृत पूर्वजांचे स्थान गावाच्या भूमीशी अशा रीतीने जोडलेले असते, ही बाब पुनर्वसनाचा विचार करताना महत्त्वाची ठरते.

कुटकी, कोदो, सावा यांसारखी भरडधान्ये, मोहाची फुले, कंदमुळे, रानभाज्या, मासे व शिकार यांवर येथील आहार आधारलेला होता. झाडोरा तोडून, जाळून त्या राखेत बी पेरण्याची फिरती शेती प्रचलित होती. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथात कॅप्टन जे. फोर्सिथ यांनी या शेतीचे वर्णन केले आहे. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती नासाडी होती. कोरकूंच्या दृष्टीने मात्र ती नांगर-बैलांवाचून, उतारावरील पातळ मातीत अन्न पिकविण्याची पद्धती होती.

हा प्रदेश पूर्वी इतिहासाबाहेर होता, असेही नाही. पंधराव्या शतकात बहमनी राजवटीत बांधला गेलेला गाविलगड पुढे इमादशाही, निजाम व भोसले यांच्या सत्ताकारणात महत्त्वाचा राहिला. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो घेतला. गवळी, निहाल, गोंड हे समाजही येथे नांदत होते.

वनव्यवस्थेचा प्रवेश
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाखाली दिले. पुढे मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून गेला व १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. लोहमार्गाला स्लीपर हवे होते आणि त्यासाठी टिकाऊ लाकूड. परिणामी मेळघाटचे सागवान मौल्यवान ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी रूढ केलेले राखीव जंगलाचे तत्त्व वऱ्हाडातही अमलात आले. फिरती शेती निषिद्ध ठरली. चराई, सरपण, शिकार व मोह यांवर परवाना, शुल्क आणि दंड आले.

तथापि लाकूडतोड, वणवा विझविणे व रस्तेबांधणी यांसाठी वनखात्याला मजूर हवेच होते. यातून 'वनग्राम' ही संस्था निर्माण झाली. वनखात्याच्या परवानगीने वसलेल्या या गावांत कुटुंबाला कसण्यास जमीन मिळे, पण ती पट्ट्याने, मालकीने नव्हे. त्या बदल्यात खात्याच्या कामावर हजर राहणे बंधनकारक असे. मालकी नसल्याने जमिनीवर कर्ज काढणे अशक्य होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, तोच जमीनधारक व रोजगारदाता असल्याने दाद मागण्याची सोयही नव्हती. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत वऱ्हाड होरपळले, तेव्हा अरण्यावरील निर्बंध किती जाचक असतील, याची कल्पना करता येते.

स्वातंत्र्योत्तर काळ : संवर्धन व उपासमार
स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, वनग्रामाचा सांगाडा मात्र टिकला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला आणि १९८५ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. राष्ट्रीय वारसा म्हणून वाघाचे रक्षण आवश्यकच होते. परंतु लाकूडतोडीबरोबर मजुरीही घटली आणि वनोपजावर अधिक निर्बंध आले. रस्ता, वीज, बंधारा यांसारख्या साध्या कामांनाही वनविषयक परवानगीची वाट पाहावी लागली. दुर्गमतेचा प्रशासकीय अर्थ येथे स्पष्ट होतो.

याच काळात कुटकी-कोदोच्या शेतात सोयाबीन आले. पीक बाजारात जाऊ लागले आणि घरातील कणगी रिकामी राहू लागली. पावसाळ्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे कामासाठी वऱ्हाडच्या सपाट भागात उतरतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत धान्य संपलेले असते, रोगराई वाढलेली असते आणि नद्या-नाल्यांनी वाट अडविलेली असते. बालमृत्यूंचा जोर याच महिन्यांत का असतो, याचे उत्तर पडियारकडे शोधण्यापेक्षा या ऋतुचक्रात शोधणे अधिक सयुक्तिक आहे. १९९५ पासून शासनाने नवसंजीवन योजना राबविली. बैरागड येथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा देणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आरोग्यसेवेबरोबर शेती व रेशन यांकडेही लक्ष देणारे त्यांचे कार्य हाच मुद्दा अधोरेखित करते.

भाषेचा प्रश्नही नोंदविला पाहिजे. घरी कोरकू बोलणारे मूल शाळेत पहिल्या दिवसापासून मराठीला सामोरे जाते. त्याचे मौन हे मंदबुद्धीचे लक्षण समजले जाते. शिक्षकाला कोरकू येत नाही, याची नोंद मात्र कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही.

पुनर्वसन आणि वनहक्क
२००१ पासून बोरी, कोहा, कुंड आदी गावे व्याघ्र प्रकल्पातून हलविण्यास प्रारंभ झाला व पुढे अनेक गावे अकोला जिल्ह्याच्या सपाट भागात वसविण्यात आली. शाळा, दवाखाना व रस्ता जवळ आले, हे नाकारता येत नाही. पण अनेकांच्या हाती रोख रक्कम आली तरी उपजीविका आली नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित लोक जुन्या गावठाणांकडे परतले आणि वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी त्यांचा संघर्ष झाला.

दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक व सामूहिक हक्कांबरोबर वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करण्याचा हक्क मान्य केला. मेळघाटच्या पायथ्याजवळील पायविहीर गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला, उजाड वनक्षेत्राचे संगोपन केले आणि सीताफळासारख्या वनोपजातून उत्पन्न उभे केले. हक्क मिळाला म्हणजे जंगल संपते, या गृहीतकाला हे उदाहरण छेद देते.

निष्कर्ष :
मेळघाटातील कोरकू गावाचा इतिहास हा साधनांवरील अधिकार गमावण्याचा इतिहास आहे. डोंगर पूर्वीही होते, पावसाळाही होता; नवीन होते ते जंगलाशी गावाचे बदललेले नाते. म्हणून कुपोषणावरील उपाययोजना आहारवाटपापुरती मर्यादित राहिल्यास ती अपुरीच ठरेल. जमिनीची मालकी, वनोपजावरील हक्क, भरडधान्यांचे पुनरुज्जीवन व कोरकू भाषेतून प्रारंभिक शिक्षण यांचा एकत्रित विचार व्हावयास हवा. गावाने राहावे की उठावे, याचा निर्णयही ग्रामसभेने पूर्ण माहितीनिशी आणि स्वेच्छेने घ्यावा, इतकी अपेक्षा या इतिहासावरून निश्चितच करता येते.