वही त्यांची, पाय आपले

‘जालना सोने का पालना’ अशी आमच्या गावाची ख्याती. त्या पाळण्यात आम्हीही वाढलो. फक्त सोने शेजारच्या कुशीवर होते. त्यामुळे आमच्याकडे मोठी खरेदी म्हणजे उधारी. कुंडलिकेपलीकडच्या एका कापडदुकानात वडिलांचे खाते होते. दिवाळीचे कपडे दिवाळीत येत, पैसे होळीपर्यंत जात. दुकानदार लाल वहीत त्याच्या लिपीत काहीतरी ओढी. वडिलांना त्यातले ओ की ठो कळत नसे. पण घरी आल्याबरोबर ते आकडा आपल्या डायरीत टिपत आणि आईला म्हणत, “वही त्यांची, पाय आपले. अंथरूण आपणच बघायचं.”

हे शहाणपण मराठी माणसाला फुकट मिळालेले नाही. १८७५ साली जालना निजामाच्या राज्यात होते. तेव्हा शेजारच्या इंग्रजी मुलखात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, १२ मे रोजी शेतकरी सावकारांवर चालून गेले. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पोचले. लोकांना मुख्यतः हवी होती ती सावकाराची दप्तरे. कर्जखते हाती लागली की त्यांची होळी! खतात काय लिहिलेय ते अनेकांना वाचता येत नव्हते, आणि व्याज मात्र पावसाची वाट न पाहता वाढत होते. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कुळाला भरलेल्या पैशांची पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क आला. एका उताऱ्यासाठी एवढा जाळ करावा लागला!

पुढे वहीचे कार्ड झाले. १९५० साली न्यूयॉर्कात डायनर्स क्लबचे कार्ड निघाले: जेवा आज, पैसे महिनाअखेर. आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँकेने कार्ड काढले. आमच्या खिशात ते फार उशिरा आले, पण आल्यावर कसर भरून निघाली.

गेल्या उन्हाळ्यात मी ४०,००० रुपयांचा फ्रीज कार्डावर घेतला. महिन्याने मोबाइलवर उतारा आला. ‘किमान देय रक्कम २,०००.’ मी खूश! बँक इतकी मायाळू असेल असे वाटले नव्हते. सौभाग्यवतींनी चष्मा लावला.

“सगळे भरले तर व्याज नाही. नाहीतर महिना साडेतीन टक्के, तेही खरेदीच्या दिवसापासून. म्हणजे १,४०० व्याज, त्यावर कर २५२. तुमच्या दोन हजारांतले फ्रीजच्या वाट्याला किती?”

“३४८,” मी पुटपुटलो.

“आणि बाकीचे काय बर्फाचे?”

दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून मुदतीच्या आत सगळे भरले. तेव्हापासून घरात कायदा झाला आहे: पैसे आधी खात्यात, मग कार्ड हातात. मोठी वस्तू घेतली की आकडा त्याच दिवशी डायरीत.

वडिलांना न कळणारी वही आता दरमहा, न मागता, आपल्या खिशात येते. आणि आम्ही ती न वाचताच पुसून टाकतो. सुप्याच्या लोकांनी ते कागद निदान जाळण्यासाठी तरी हातात घेतले होते!