विलेपार्ल्याची पोटनिवडणूक आणि आपला ग्रुप

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. एका उमेदवार बाईंच्या घरगुती आयुष्यावरचा एक 'विनोद' मी फॉरवर्ड केला. खरा की खोटा, पाहिलंही नाही. सकाळपर्यंत दोघीजणी ग्रुपमधून बाहेर पडल्या होत्या. "निवडणुकीत एवढं चालतंच," असं वर मीच लिहिलं होतं. खरंच चालतं का, हे शोधत गेले आणि खाडीपलीकडच्या विलेपार्ल्यात पोहोचले.

१३ डिसेंबर १९८७ ला तिथे विधानसभेची पोटनिवडणूक झाली. आपण तेव्हा दुसरीत होतो. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हरले. प्रचारात २९ नोव्हेंबर, ९ आणि १० डिसेंबरला बाळासाहेब ठाकरे यांची भाषणं झाली होती. त्यांत धर्माच्या नावावर मतं मागितली आणि दुसऱ्या समाजाविषयी द्वेष पसरेल अशी भाषा वापरली, म्हणून कुंटे उच्च न्यायालयात गेले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार हे दोन्ही 'भ्रष्ट आचार' ठरतात.

अशी याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच सांगतो. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली ती ७ एप्रिल १९८९ ला. सर्वोच्च न्यायालयात न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम केला ११ डिसेंबर १९९५ ला. एका मोठ्या नेत्याने असं बेताल बोलावं याबद्दल न्यायालयाने खेदही व्यक्त केला. तोवर आपण दहावीत आलो होतो आणि मधल्या काळात राज्यात दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या! ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये. सहा वर्षं १९९५ च्या निकालापासून मोजायची असल्यामुळे त्यातली साडेतीन आधीच सरली होती.

शेजारच्या सांताक्रूझचं प्रकरण तर याहून लांबलं. १९९० मध्ये तिथून भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. त्यांच्या निवडणुकीवरून निघालेला प्रश्न असा, की धर्माच्या नावावर मत मागू नये म्हणजे कोणाच्या धर्माच्या? फक्त उमेदवाराच्या, की मतदाराच्यासुद्धा? सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा कौल दिला, मतदाराच्याही. तारीख होती २ जानेवारी २०१७.

याच कलम १२३ मध्ये आणखी एक पोटकलम आहे. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणं हाही भ्रष्ट आचार आहे. कारभारावर हवी तेवढी टीका करा, त्याला आडकाठी नाही. पण हे लागू होतं ते उमेदवाराला, त्याच्या प्रतिनिधीला, किंवा त्यांच्या संमतीने बोलणाऱ्याला. घरी सोफ्यावर बसून फॉरवर्ड करणाऱ्या माझ्यासारखीपर्यंत ते सहसा पोहोचत नाही. आणि पोहोचलं तरी कधी? विलेपार्ल्याला आठ वर्षं लागली. शब्दांचं काम मात्र त्याच आठवड्यात होऊन गेलं होतं.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही चूक ग्राहकापर्यंत जाण्याआधी पकडतो, कारण नंतरची दुरुस्ती फार महाग पडते. प्रचारातल्या शब्दांचंही तसंच आहे, आणि तिथे आधी पकडणारे आपणच. आपल्या नागरिकशास्त्राच्या बाई हक्कांबरोबर कर्तव्यंही घोकून घ्यायच्या. बाई, मी तो धडा ऑप्शनला टाकला होता, हे आज कबूल करते.

त्या दोघींना मी फोन केला. एकीने उचलला, बराच वेळ बोललो. दुसरीने अजून उचललेला नाही. संमेलनाला ती आली, तर तिच्या शेजारची खुर्ची कृपया माझ्यासाठी ठेवा.